बेळगाव भागात जुनं घर दुरुस्तीला काढताना: कंत्राटदार नेमण्यापासून शेवटचा हप्ता देईपर्यंत

पुण्या-मुंबईतली नोकरी संपवून गावी परतलेले, वडिलोपार्जित घर भाड्यानं देण्याआधी नीट करून घेणारे, नाहीतर बदली होऊन इकडे आले आणि जुनं घर विकत घेऊन बसले असे, या सगळ्यांकडून एकच तक्रार कानावर येते: कंत्राटदारानं पैसे उचलले, काम अर्ध्यावर टाकलं, आता फोन घेत नाही. कुणी शहापूरचा, कुणी हिंडलग्याचा, कुणी निपाणीचा, कुणी खानापूर तालुक्यातल्या खेड्यातला. हकिगत मात्र तीच.

आमच्या घरीही तेच झालं. मागच्या सोप्याचे वासे आणि रिपा बदलून मंगलोरी कौलं परत चढवायची, शेजारच्या पडवीवर स्लॅब घालायचा आणि न्हाणीघर नवं करायचं, एवढं काम होतं. कंत्राटदारानं वैशाखात कौलं उतरवून अंगणात रचली, लाकडाच्या नावाखाली मोठी रक्कम नेली आणि मग रोज एकच उत्तर, "उद्या माणसं लावतो की मालक, काळजी करू नका ओ." मृगाचा पाऊस आला तेव्हा सोप्यावर ताडपत्री होती. वाऱ्यानं तिचं एक टोक सुटलं आणि रात्रभर पाणी मातीच्या भिंतीच्या माथ्यावरून आत उतरत राहिलं. सकाळी भिंतीचा गिलावा हाताएवढ्या पोपड्यांनी खाली येत होता. त्याच्या आतली माती बोटानं दाबली तर बोट आत जात होतं. छप्पर उघडं टाकून निघून जाणं हा निव्वळ उशीर नाही, घराचं नुकसान आहे. त्या माणसाला ते माहीत होतं, कारण तो याच भागात वाढलेला.

हे प्रकार का घडतात, ते समजून घ्यायला हवं. बहुतेक कंत्राटदार एका वेळी तीन-चार कामं धरतात. तुमचा ॲडव्हान्स आधीच्या कामाचं देणं भागवायला जातो आणि तुमचं काम पुढच्याच्या ॲडव्हान्सवर चालतं. साखळी कुठं तुटली की शेवटचं घर उघड्यावर पडतं. म्हणून खाली जे सांगतो आहे त्याचा गाभा एकच आहे: झालेल्या कामापेक्षा दिलेला पैसा कधीही जास्त होऊ द्यायचा नाही.

आधी कॅलेंडर, मग कंत्राटदार

आपल्याकडे पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात धरतो. खानापूर, कणकुंबी, जांबोटीकडे तो बेळगाव शहरापेक्षा किती तरी जास्त असतो, पूर्वेला गोकाक-अथणीकडे जाल तसा कमी. छपराचं, गच्चीचं, बाहेरच्या गिलाव्याचं काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आसपास संपेल असं धरा. एप्रिल-मेमध्ये छप्पर उघडायचंच झालं तर सगळं लाकूड आणि फुटकी कौलं बदलायला लागणारी नवी कौलं अंगणात येऊन पडल्याशिवाय एकही जुनं कौल खाली उतरवू देऊ नका. हे मी सगळ्यात आधी सांगतो, कारण यानंच आमच्यासारखी बरीच नुकसानं टळली असती.

मजुरांचंही वेळापत्रक असतं. गवंडी आणि बिगारी आसपासच्या खेड्यांतले. रोप लावणीला आणि सुगीला ते आपल्या शेतात जाणार, गावची जत्रा आली की चार दिवस येणार नाहीत. यात कुणाचा दोष नाही. कंत्राटदाराला पहिल्याच दिवशी विचारा, "तुमची माणसं कुठल्या गावची? सुगीला काम चालू राहणार का?" जो याचं सरळ उत्तर देतो, तो निदान कामाचा विचार करून बसलेला असतो.

कागद बघून घ्या

घर भावाभावांच्या नावावर असेल तर काम सुरू करण्याआधी सगळ्यांची लेखी संमती घ्या. काम निम्मं झाल्यावर चुलत्यानं हरकत घेतली की गवंडी थांबतो, कंत्राटदार मात्र पैसे मागत राहतो.

रंग, फरशी, गिलावा, दारं-खिडक्या एवढ्यासाठी सहसा परवानगीची भानगड नसते. पण मजला वाढवणं, स्लॅब घालणं, बाहेरची भिंत हलवणं यासाठी परवानगी लागते. शहरात महानगरपालिका, निपाणीसारख्या गावात नगरपालिका, खेड्यात ग्रामपंचायत, आणि कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड. कॅम्पचे नियम वेगळे आणि कडक आहेत, तिथं किरकोळ बदलाआधीही बोर्डाच्या कार्यालयात चौकशी करा. "परवानगीचं मी बघतो" असं कंत्राटदार म्हणाला तरी अर्ज तुमच्या नावानं, तुमच्या सहीनं आणि पोहोच तुमच्या हातात, एवढं बघा. नोटीस आली तर ती मालकाच्या नावानं येते.

काय करायचं ते स्वतः लिहून काढा

कंत्राटदाराला बोलवायच्या आधी वहीत खोलीवार यादी करा. "न्हाणीघर नवं करणे" ही यादी नव्हे. जुनी फरशी काढणे, राडारोडा उचलून नेणे, नळाच्या पाइपा बदलणे, वॉटरप्रूफिंग, भिंतीला किती फुटांपर्यंत टाइल, कुठल्या कंपनीचे नळ, गिझरचा पॉइंट कुठे, दार कशाचं, अशी ती असते. राडारोडा कोण उचलणार यावरून आमच्या गल्लीत दोन घरांत भांडणं झाली आहेत. ट्रॉलीचं भाडं छोटं असतं, पण यादीत नसेल तर ते तुमच्याच माथी येतं.

जुन्या वाड्यात राहत असाल तर इथं एका सिव्हिल इंजिनिअरला फी देऊन घर दाखवा. मातीत रचलेल्या दगडी भिंतीवर सगळा भार असतो. "ही मधली भिंत काढली की हॉल मोठा होईल" असं सांगणारा गवंडी वर तुळई कशावर टेकली आहे ते बघत नाही. अशा भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गच्च गिलावा केला की आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. ती वर चढते आणि दोन पावसाळ्यांत गिलावा सुटतो. जुन्या भिंतीला चुन्याचा गिलावा मानवतो. तो करणारे गवंडी आता कमी उरलेत, पण खानापूरकडच्या खेड्यांत चौकशी केली तर जुने हात अजून सापडतात. त्यासाठी थोडं थांबावं लागलं तरी थांबा, असं माझं मत आहे.

माणूस निवडताना

निदान तिघांकडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि ते तुमच्याच यादीवर घ्या. प्रत्येकानं आपापली यादी केली तर तुलना करता येत नाही. सगळ्यात कमी आकडा देणारा बरेचदा "एक्स्ट्रा काम" म्हणून ती रक्कम नंतर वसूल करतो.

त्याची नुकती पूर्ण झालेली कामं सगळेच दाखवतात. तुम्ही दोन पावसाळे काढलेलं काम बघायला मागा आणि त्या घरच्या बाईमाणसांशी बोला. गळती कुठं होते, न्हाणीघराचं पाणी कुठं तुंबतं, बोलावल्यावर माणूस परत आला का, हे त्यांना नेमकं माहीत असतं. चालू कामावरही न सांगता एक चक्कर टाका. तिथल्या गवंड्याला सहज विचारा, "मेस्त्री, बाजारच्या दिवशी पगार वेळेवर मिळतो का?" जो आपल्या माणसांचा आठवड्याचा पगार अडवतो, त्याच्याकडे माणसं टिकत नाहीत आणि तुमचं काम रखडतं.

सीमाभागात आणखी एक बघावं लागतं. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडचे कंत्राटदार इकडे कामं घेतात, तसेच इकडचे तिकडे जातात. त्यात वावगं काही नाही, पण पक्का पत्ता आणि ओळखपत्राची प्रत घ्या. जीएसटी लावणार असेल तर नोंदणी क्रमांक बिलावर हवा. कर्नाटकातल्या नोंदणीचा क्रमांक २९ नं सुरू होतो, महाराष्ट्रातल्या २७ नं. क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नाव आणि पत्ता दिसतो. ज्याची नोंदणीच नाही, त्याला तुमच्याकडून जीएसटी घेता येत नाही.

मजुरीवर की मटेरियलसह?

मी मजुरीवर काम देण्याच्या बाजूचा आहे, म्हणजे सामान तुम्ही आणायचं, मजुरी त्याला. तुम्ही गावात असाल आणि रोज तासभर देऊ शकत असाल तर हेच करा. सामान तुमच्या अंगणात, बिल तुमच्या नावावर. कंत्राटदार गेला तरी सिमेंट आणि टाइल घरी राहतात. तुम्ही पुण्याहून फोनवर काम चालवणार असाल तर मटेरियलसह द्यावं लागेल. मग मात्र प्रत्येक वस्तूची कंपनी आणि प्रत करारात लिहा.

सामान आणताना मोजून घ्या. वाळू किंवा एम सँड (दगड चुरून केलेली वाळू) ब्रासवर मिळते, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ट्रॉलीची आतली लांबी, रुंदी आणि भरलेली उंची फुटात मोजा, गुणाकार करा, शंभरानं भागा. नऊ फूट लांब, पाच फूट रुंद आणि दीड फूट भरलेली ट्रॉली साडेसदुसष्ट घनफूट होते, म्हणजे पाऊण ब्राससुद्धा नाही. टेप घेऊन उभे राहिलात की पुढच्या ट्रॉल्या आपोआप भरून येतात. सिमेंटच्या पोत्यावर कुठल्या आठवड्यात बनलं ते छापलेलं असतं, तीन महिन्यांपेक्षा जुनं परत पाठवा. पावसाळ्याच्या तोंडावर पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून सुटी रचा.

करार

स्टॅम्प पेपरवर करार करा, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, सोबत तुमची यादी आणि अंदाजपत्रक जोडलेलं. भाषा दोघांना वाचता येईल ती. कंत्राटदार कन्नड वाचणारा आणि तुम्ही मराठी, असं असेल तर दोन्ही भाषांत करा आणि दोन्हींवर सह्या घ्या. न वाचता येणाऱ्या कागदावर सही करू नका, मग समोरचा कितीही ओळखीचा असो.

करारात या गोष्टी आल्याच पाहिजेत: सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, उशिराबद्दल आठवड्याला किती रक्कम कापणार, जादा काम लेखी मंजुरीशिवाय धरलं जाणार नाही, मोजमाप कसं, म्हणजे गिलाव्यात आणि रंगात दारं-खिडक्यांची जागा वजा करायची की नाही, सलग किती दिवस काम बंद राहिलं तर तुम्ही करार मोडून दुसरा माणूस लावू शकता, आणि गळतीची हमी किती पावसाळ्यांची. सलग बंद दिवसांचं कलम बहुतेक करारांत नसतं, आणि नेमकं तेच अडचणीत उपयोगी पडतं.

पैसे कसे द्यायचे

सुरुवातीला दहा टक्के. त्यापुढचा प्रत्येक हप्ता एखादा टप्पा पूर्ण झाल्यावर. तोडफोड आणि राडारोडा उचलून झाला, एक हप्ता. पाइप आणि वायरिंग भिंतीत बसून तपासून झालं, एक हप्ता. गिलावा, मग फरशी, मग रंग. शेवटचे दहा टक्के पहिला पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. हे करारातच लिहिलेलं असलं की नंतर वाद होत नाही.

टप्प्याच्या आत पैसे मागायला कारणं तयार असतात. मुलाची फी, घरी आजारपण, माणसांचा पगार. खरी गरज असू शकते, ती आपल्याला दिसतेही आणि नाही म्हणायला जीव होत नाही. मजुरांच्या पगाराचा प्रश्न असेल तर झालेल्या कामापुरता पगार स्वतः गवंड्याच्या हातात द्या, सही घ्या, आणि तो पुढच्या हप्त्यातून वळता करा. माणसं उपाशी राहत नाहीत आणि पैसा कामाच्या पुढंही जात नाही.

पैसे चेकनं किंवा यूपीआयनं द्या, कशाचे ते शेऱ्यात लिहा. रोख दिलेच तर पावती घ्या, पाच हजारांवर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही.

झाकण्याआधी तपासा

टाइलखाली आणि गिलाव्यामागं काय गेलं ते नंतर दिसत नाही, म्हणून तपासणी त्याआधीच. नळाच्या पाइपा बसल्या की सगळी टोकं बंद करून दाबानं पाणी भरून ठेवायला सांगा, प्लंबरकडे त्याचा पंप असतो. न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग झालं की जाळीचं तोंड बंद करून इंचभर पाणी दोन दिवस साठवा आणि खालच्या छताला ओल येते का बघा. गच्चीवर कोबा (पाण्याला उतार देणारा काँक्रीटचा थर) केला की तिथंही तसंच पाणी अडवा. मग पाणी सोडून द्या आणि ते जाळीकडे पळतं का, की मध्ये डबकी राहतात, ते बघा. डबकं राहिलं तर उतार चुकला. टाइल बसण्याआधी तो दुरुस्त करणं एका दिवसाचं काम आहे.

वायरिंगमध्ये साध्या दिव्यांना दीड, प्लगला अडीच आणि गिझरला चार चौरस मिलिमीटरची तार, आयएसआय चिन्हाची. बोर्डात तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या, ओल्या हातानं धक्का बसला तर तोच वाचवतो. लोड वाढणार असेल तर हेस्कॉमकडे, म्हणजे इथल्या वीज कंपनीकडे, अर्ज करा.

पाणी मारणं हा विषय मला फार जिव्हाळ्याचा आहे. स्लॅबला आणि गिलाव्याला निदान सात दिवस, पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) सिमेंट असेल तर स्लॅबला दहा दिवस ओलं ठेवायचं असतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात सकाळी एकदा पाइप फिरवून भागत नाही. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवा, गिलाव्यावर दिवसातून तीन-चारदा मारा. पाणी कोण मारणार हे ठरलेलं नसतं, गवंडी म्हणतो मालक, मालक म्हणतो बिगारी, आणि भिंत कोरडी राहते. नंतर केसासारख्या भेगा पडल्या की दोष सिमेंटला जातो. घरातल्या एका माणसानं हे काम अंगावर घ्यावं.

फरशी बसल्यावर एक नाणं घ्या आणि प्रत्येक टाइलच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्ये वाजवा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर खाली मसाला पोचलेला नाही. खडूनं खूण करा आणि हप्ता देण्याआधी तेवढ्या टाइल काढून बसवायला लावा.

बिनसलं तर

माणसं येईनाशी झाली की भांडत बसण्याआधी नोंद करा. तारखेसह फोटो आणि व्हिडिओ काढा, पडलेल्या सामानाची यादी करा, इंजिनिअरकडून झालेल्या कामाचं मोजमाप आणि किंमत लेखी घ्या. दुसरा गवंडी लावण्याआधीच हे झालं पाहिजे, नाहीतर कुठलं काम कुणाचं हे पुढं सिद्ध होत नाही. छप्पर उघडं असेल तर मात्र नोंद त्याच दिवशी उरका आणि लगेच झाकून घ्या.

मग स्पीड पोस्टानं पोहोचेच्या पुराव्यासह लेखी नोटीस पाठवा: किती दिले, किती काम झालं, किती दिवसांत सुरू करायचं, नाहीतर करार रद्द. व्हॉट्सॲपवरही तीच पाठवा. पोलिसांत गेलात तर बहुधा ही दिवाणी बाब आहे असं सांगतात. फसवणुकीचा गुन्हा म्हणायला सुरुवातीपासूनच हेतू खोटा होता हे दाखवावं लागतं.

खरा उपयोगाचा मार्ग ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात गृहबांधणीची सेवा येते. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रार होते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील लावणं सक्तीचं नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. सीमाभागातल्यांनी एक लक्षात ठेवावं: तक्रारदार जिथं राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. कंत्राटदार कोल्हापूरचा असला तरी बेळगावात राहणाऱ्यानं बेळगावच्या जिल्हा आयोगातच जावं. मराठी कागदपत्रांना कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडायची तयारी ठेवा. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड होऊ शकते, आणि माणूस समोर यायला तयार असेल तर ती बरी, कारण पैसे लवकर हातात येतात.

काम संपल्यावर

भिंती झाकण्याआधी काढलेले पाइप आणि वायरचे फोटो खोलीवार जपून ठेवा, पुढं खिळा ठोकताना लागतात. प्रत्येक प्रकारच्या पाच-सहा टाइल माळ्यावर ठेवून द्या, तोच रंग दोन वर्षांनी दुकानात मिळत नाही. रंगाच्या डब्यावरचा शेड नंबर वहीत लिहा. गिझर, पंप, नळ यांची बिलं आणि वॉरंटी कार्डं कंत्राटदाराकडून घेऊन टाका. हातात ठेवलेले दहा टक्के गणपतीनंतर, पाऊस ओसरल्यावर, त्याला घरी बोलावून सगळ्या खोल्या एकत्र फिरून द्या. कुठं ओल दिसली तर आधी ती दुरुस्ती, मग पैसे. काम चांगलं केलं असेल तर ती रक्कम एक दिवसही अडवू नका, आणि त्याचं नाव चार लोकांना सांगा. त्यालाही पुढची कामं तशीच मिळतात.